ऑल्डनचा अंगठा आणि सात फुटी पेटी

सगळा घोटाळा ऑल्डनच्या अंगठ्यानं केला, हे मी आधीच सांगून टाकते. नाहीतर लोक माझ्याकडं बोट दाखवतात.

ऑल्डन म्हणजे माझा नवरा. एकसष्ट साली मेपलच्या रसाचं पिंप घसरगाडीवरून निसटलं आणि त्याच्या डाव्या अंगठ्यावर बसलं. अंगठा सुजला तो सुजलाच. सूज उतरायची सोडून लांबीत गेली. डॉक्टर म्हणाले, महिन्याभरात जाईल. ते डॉक्टर गेले, अंगठा आहे. हातमोजे विणताना चार बोटं नेहमीसारखी विणते आणि अंगठ्याच्या जागी तान्ह्या बाळाचा पायमोजा विणून जोडते. खोटं वाटत असेल तर व्हरमाँटला या आणि बघा. येताना उंच बूट घाला, एप्रिलात आमच्या हार्डवेलमध्ये चिखल पोटरीपर्यंत असतो.

तर पेटी. आमच्या घरातली मुलगी लग्न करून निघाली की घरातल्याच म्हाताऱ्या माणसानं स्वतःच्या हातानं केलेली पाईनची पेटी तिला द्यायची. सहा फळ्यांची, गोधड्या ठेवायला. लग्न लागायच्या आधी नवरी चर्चमध्ये सगळ्यांसमोर त्या पेटीवर बसते. पेटी कुरकुरली तर संसार कुरकुरणार, असं लोक पन्नास वर्षं आठवण काढून सांगतात. माझी कुरकुरली होती. असो.

पेट्या करायचा ऑल्डनचा भाऊ रूफस. तो गेल्या शरदात वारला आणि मार्चमध्ये आमच्या नातीचं, लेटीचं, लग्न ठरलं. तेही एप्रिलच्या चिखलात, कारण नवरा मुलगा मेपलचा पाक करणारा, त्याला त्याआधी सवड नाही. चर्चच्या जेवणात व्हर्ना, आमची शेजारीण आणि गावच्या पाच पंचांपैकी एक, घेवडा वाढता वाढता सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "बिचारी लेटी. तिला दुकानातली पेटी घ्यावी लागणार."

मी म्हटलं, "कशाला? मी करतेय ना."

तोवर मी आयुष्यात फक्त एक खिळा ठोकला होता. कॅलेंडरसाठी. तोही आता ऑल्डनच्या टोपीला आहे, कारण कॅलेंडर त्यावर राहत नाही. पण बोलून बसले. आता लेटीला पेटी मिळाली नाही तर तिचं नशीब, आणि व्हर्नापुढं माझं तोंड, दोन्ही जाणार होतं.

मी घाबरले मात्र नाही, कारण मला वेंडेल प्रॉक्टर होता. दर गुरुवारी आठ वाजता टीव्हीवर. डोक्यावर करडी टोपी, अंगात चौकड्यांचा शर्ट, आणि बोलणं मोजकं. रंधा असा मारतो की लाकडाचा पापुद्रा निघतो तो रेशमाच्या फितीसारखा. टेबल, कपाट, पाळणा, काहीही असो, अर्ध्या तासात तयार. अकरा वर्षं मी त्याला बघत होते. ऑल्डन म्हणायचा, "माझ्याकडं तू कधी इतका वेळ बघितलं नाहीस." मी म्हणायची, "तू कधी पाळणा केलास?"

आणि नशीब बघा, त्याच गुरुवारी त्यानं सहा फळ्यांची पेटी केली. शेवटी म्हणाला, मापांचा नकाशा हवा असेल तर पत्र पाठवा, सहा आठवड्यांत येईल. लग्नाला पाच आठवडे.

ऑल्डन म्हणाला, "संपलं."

मी म्हटलं, "अरे, नकाशा कशाला हवा? पेटी समोर आहे ना."

ऑल्डनकडं टेपवर चित्र उतरवून घ्यायचं यंत्र होतं. चित्र थांबवलं. वेंडेल प्रॉक्टर तयार पेटीवर हात ठेवून उभा. मी मोजपट्टी घेतली आणि टीव्हीच्या काचेवर लावली. पेटी काचेवर बारा इंच. आता बारा इंचाच्या पेटीत गोधडी मावत नाही, एवढं मलाही कळतं. म्हणून त्याचा अंगठा मोजला. काचेवर अर्धा इंच. मग म्हटलं, ऑल्डन, हात इकडं कर. त्याचा अंगठा साडेतीन इंच. म्हणजे खरी वस्तू काचेच्या सातपट. बारा साते चौऱ्याऐंशी. पेटी सात फूट.

शाळेत गणितात माझा पहिला नंबर असायचा. हे उगाच आपलं सांगितलं.

लाकडाच्या वखारीत कार्लनं कागद वाचला आणि चष्मा पुसला. "युनिस, सात फूट? लेटी यात गोधड्या ठेवणार की नवरा?"

"वेंडेल प्रॉक्टरचं माप आहे ते."

"मग बरोबरच असेल," कार्ल म्हणाला. आमच्याकडं वेंडेल प्रॉक्टरच्या वर अपील नाही. रुंदी आणि उंची मी मोजायच्या भानगडीत पडले नाही. वखारीत फळी जेवढी रुंद होती तेवढी रुंद आणि तेवढीच उंच. लाकूड वाया घालवायला मी काही बोस्टनची शहरी बाई नाही.

कोठारात काम सुरू झालं. कापणं जमलं. रंधा मला चावला, पण जमला. घोडं अडलं सरसापाशी. वेंडेल प्रॉक्टर सरस लावतो, फळ्या दाबून धरणारे क्लॅम्प आवळतो आणि म्हणतो, "आता वाळू द्या." मग मध्येच वाहिनीसाठी देणगी मागणारी माणसं येतात. ती गेली की तो क्लॅम्प काढतो आणि पेटी दगडासारखी. मी घड्याळ लावलं होतं. देणगीवाले बरोबर अठरा मिनिटं बोलले होते. म्हणून मी अठरा मिनिटं थांबले, वर दोन मिनिटं थंडीची धरली, क्लॅम्प काढले. पेटीच्या दोन्ही बाजू फुलासारख्या उमलल्या.

तीनदा केलं, तीनदा उमलली. चौथ्यांदा मी ठरवलं, सरस गेला खड्ड्यात, खिळेच मारायचे. पण बाहेरून खिळा मारताना आतून कुणीतरी फळी दाबून धरायला हवी. ऑल्डन सहा फूट दोन इंच. म्हटलं, झोप आत.

"किती वेळ?"

"पाच मिनिटं."

तो आत आडवा झाला, छातीवर हात घेऊन दोन्ही बाजूंच्या फळ्यांमध्ये आडवी पट्टी धरली. मी खिळे मारत फिरत राहिले. अर्ध्या तासानं तोंडात खिळे धरून वाकले तर हा गाढ झोपलेला. तोंडावर भुसा बसून चेहरा पांढराफटक. आणि तेवढ्यात दारात व्हर्ना. माझा केकचा साचा परत करायला आलेली.

तिनं लांबलचक पेटीकडं पाहिलं. आत ऑल्डनकडं पाहिलं. माझ्या हातातल्या हातोडीकडं पाहिलं. मला सांगायचं होतं, पण तोंडात नऊ खिळे. व्हर्नानं लोकरीची टोपी काढली, साचा हळूच फळीवर ठेवला, माझ्या खांद्यावर एकदा हात ठेवला आणि गेली.

आता तुम्ही म्हणाल, विचारायचं ना तिनं. तर आमच्या गावात विचारत नाहीत. शेजाऱ्याच्या घराला आग लागली तरी आम्ही आधी पाण्याची बादली देतो, आणि आग कशी लागली ते त्यानं स्वतःहून सांगायची वाट बघतो. माझ्या लग्नाला त्रेपन्न वर्षं झाली, अजून कुणी मला विचारलेलं नाही की ऑल्डनचा अंगठा असा का.

ऑल्डन उठायला गेला तर पाठ धरलेली. खालच्या खोलीत झोपवला, उजेडाचा त्रास नको म्हणून पडदे ओढले. झालं. गावाला एवढं पुरलं.

रविवारी सकाळी ओसरीवर मॅकरोनी आणि चीजचं काचेचं भांडं. दुपारी आणखी दोन. आमच्याकडं कुणाच्या घरी मयत झालं की भांडी येतात. तळाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव असतं, आणि घर सावरलं की भांडं धुऊन परत द्यायचं. भांडं परत आलं म्हणजे दुःख संपलं, असा हिशेब. पण माझ्या डोक्यात मयत कुठं होतं? मला वाटलं, माझी पेटी बिघडल्याचं व्हर्नानं गावभर केलं आणि लोक कीव करतायत. इतका राग आला की मी मॅकरोनीला हातही लावला नाही. ऑल्डननं लावला. तीन दिवसांत त्यानं गालही धरले.

कार्ल आख्खं हॅम घेऊन आला. हातात टोपी. "युनिस, मला तेव्हाच कळायला हवं होतं. सात फूट म्हणालीस तेव्हाच."

"चूक माझीच रे, कार्ल."

"कुणाची चूक नसते. वेळ आली की येते."

"दोन्ही बाजूंनी उघडलंय. सरस लावला तरी धरत नाही."

कार्लचा चेहरा भुशासारखा झाला. "तू सरस लावलास?"

"मग? शेवटी खिळेच मारले. अजून मधूनच वर येतंय, तिथं उद्या मारते."

कार्ल ओसरीच्या पायऱ्या न पाहताच उतरला आणि चिखलात एक बूट सोडून गेला. मी मनात म्हटलं, एवढी वाईट नाही पेटी.

पण वाईट होती. रोज बघत होते ना. सात फुटांची ती वस्तू कुठल्याही घराच्या जिन्यात वळणार नव्हती. सोमवारी मी वेंडेल प्रॉक्टरला कडक पत्र लिहिलं. महाशय, अकरा वर्षं आपल्यावर विश्वास ठेवला. आपली पेटी सात फूट होते. माझ्या नातीचं लग्न शनिवारी आहे. आपण लोकांना काय शिकवता याचा विचार करावा.

बुधवारी गावचा कारकून हॉरेस आला. लहानपणी चर्चच्या रविवारच्या शाळेत मीच त्याला शिकवलेलं. कागद पुढं केला. "घाई नाही, मिसेस टार्बेल. फक्त इथं सही. जमीन भिजलेली आहे, मे महिन्याच्या आत खोदता येणार नाही. तोवर गावच्या तळघरात ठेवू. पण तिथली फळी साडेसहा फुटांची आहे, म्हणून सहा इंच कमी करावे लागतील."

"माझी पेटी तुझ्या तळघरात कशाला?"

तो ओशाळला. मी चष्मा लावून कागद वाचला. मृताचं नाव: ऑल्डन टार्बेल.

मी हाक मारली, "ऑल्डन, जरा बाहेर ये. तुझं काम आहे."

ऑल्डन कमरेत वाकून, एका हातात चमचा घेऊन आला. "कोण, हॉरेस? बस. मॅकरोनी घे."

हॉरेसनं त्याच्याकडं पाहिलं, कागदाकडं पाहिलं. मग जास्त विश्वास कागदावर ठेवला. "हे वहीत चढलंय, मिस्टर टार्बेल. व्हर्नाबाईंनी स्वतः डोळ्यांनी पाहिलं, आणि त्या पंच आहेत. आता खोडायचं तर पंचांचा ठराव लागतो. सभा पुढच्या मंगळवारी."

"तोपर्यंत मी काय आहे?"

"तोपर्यंत प्रलंबित."

"मासेमारीचा परवाना?"

"तो जिवंत माणसांना देतात."

"मग निदान गावात सांग तरी," मी म्हटलं.

"सभेपुढं यायच्या आधी विषय बाहेर बोलता येत नाही," हॉरेस म्हणाला, आणि खरंच कुणाजवळ बोलला नाही. मीच जाऊन सांगितलं असतं. पण सांगायचं तर टीव्हीच्या काचेला पट्टी लावल्याचं सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, राहू दे प्रलंबित.

शुक्रवारी सकाळी अंगणात एक हिरवा ट्रक रुतला आणि त्यातून वेंडेल प्रॉक्टर उतरला. तोच. करडी टोपी, चौकड्यांचा शर्ट. मी एप्रनला हात पुसले, मग केसांना, मग पुन्हा एप्रनला.

"मिसेस टार्बेल," तो म्हणाला, "माझं माप चुकत नाही. पेटी कुठाय?"

कोठारात नेलं. घडीची फूटपट्टी लावली त्यानं. एकदा, दोनदा. "चौऱ्याऐंशी. माझी बेचाळीस आहे. तुम्ही माप घेतलं कुठून?"

मी दाखवलं. पेटी काचेवर बारा इंच, अंगठा अर्धा इंच, त्याची सातपट. त्यानं उजव्या हातानं टोपी मागं सारली. माझ्या लक्षात आलं की त्याचा डावा हात आल्यापासून खिशात आहे. अकरा वर्षांत तो हात मी नीट कधी पाहिलाच नव्हता.

"मिस्टर प्रॉक्टर, अंगठा दाखवा."

त्यानं दाराकडं पाहिलं. मग हात काढला. अंगठ्याचं वरचं पेरच नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी करवतीनं नेलेलं.

"दर गुरुवारी मी लोकांना सांगतो, बोटं सांभाळा," तो म्हणाला. "म्हणून कॅमेरा नेहमी उजवीकडं असतो. त्या दिवशी कॅमेरावाला नवा होता."

तेवढ्यात ऑल्डन मॅकरोनीचं भांडं पोटाशी धरून आला, आणि मी त्याचा हात ओढून पुढं केला. दोन अंगठे शेजारी शेजारी. एक पावणेदोन इंच, एक साडेतीन. मापाला मी बरोबर दुप्पट चुकले होते. दोघांची सरासरी काढली असती तर देवानं ठरवलेला अंगठा आला असता. वेंडेल प्रॉक्टर आधी खोकल्यासारखा हसला, मग पेटीवर बसून हसला. ऑल्डनलाही हसू आलं आणि त्याची पाठ मोकळी झाली. आठवडाभराच्या शेकानं जे जमलं नाही ते.

"आता अर्ध्या तासात नवी करून द्या," मी म्हटलं.

"अर्ध्या तासाची पेटी करायला मला नऊ दिवस लागतात. देणगीवाले जातात आणि नंतर दिसते ती दुसरीच पेटी असते. आदल्या आठवड्यात चिकटवलेली."

"म्हणजे दोन पेट्या असतात?"

"तीन. एक बिघडते."

मी खाली बसले. या वयात माणसाला असं एकदम सांगू नये.

मग तोच म्हणाला, "बरोबर दुप्पट आहे ना? मधोमध कापा. दोन पेट्या होतील. फक्त उघड्या तोंडांना दोन फळ्या हव्यात. मी करवत आणतो."

"तुम्ही हात लावायचा नाही," मी म्हटलं. "घरच्या माणसानं केलेली पेटी असते ती. तुम्ही फक्त बोला. टीव्हीवर बोलता तसं."

त्यानं दोन्ही हात खिशात घातले. मी कापलं. दोन तास लागले. ऑल्डन एका टोकाला वजन म्हणून बसला. वेंडेल प्रॉक्टर म्हणत राहिला, "करवतीकडं नाही, रेघेकडं बघा. घाई नको. लाकूड कुठं पळून जात नाही." एकदाच म्हणाला, "मिसेस टार्बेल, अंगठा."

फोनवर मागवलेल्या फळ्या घेऊन कार्ल आला, अर्ध्या कापलेल्या पेटीवर बसून मॅकरोनी खाणारा ऑल्डन बघितला, आणि दारातच चिखलात बसला. ऑल्डन म्हणाला, "हॅम छान होतं." कार्लनं मान हलवली. विचारलं काही नाही. उठून फळ्या दिल्या आणि गेला.

सरस लावला, क्लॅम्प आवळले, झाकणं बसवली. ऑल्डनला ओरडले, ते भांडं भुशातून उचल आधी. त्यानं उचललं. वेंडेल प्रॉक्टर जाताना म्हणाला, "उद्या सकाळी अकरापर्यंत श्वास सुद्धा लावायचा नाही. मी येतो." मी तिथंच स्टूल टाकून बसले. मांजरालाही जवळ येऊ दिलं नाही.

शनिवारी बारा वाजता चर्चमध्ये सगळं गाव काळ्या कपड्यांत. लग्न आणि वर ते दुःख, दोन्ही एकाच पोशाखात भागवलेलं. दार उघडलं आणि पेटी आत आली. पुढच्या कडीला टीव्हीवरचा वेंडेल प्रॉक्टर, मागच्या कडीला मेलेला ऑल्डन. ऑर्गनवाल्या बाईंचा हात एकाच सुरावर पडला तो उठेना. कुणी ओरडलं नाही, आम्ही ओरडणाऱ्यातले नाही. फक्त सगळे बाक एकदम कुरकुरले.

मग लेटीनं झगा सावरला आणि पेटीवर बसली. मी डोळे मिटले. काहीच ऐकू आलं नाही. उघडले तर ती हसत होती, आणि खात्री करायला तिनं मुद्दाम एकदा उसळी मारून पाहिली. तरी आवाज नाही. शेवटच्या बाकावर वेंडेल प्रॉक्टरनं तो अर्धा अंगठा मला उंच करून दाखवला. सगळ्यांसमोर.

जेवणाच्या वेळी व्हर्ना माझ्यापाशी आली. चाळीस वर्षांत तिनं मला पहिला प्रश्न विचारला. "युनिस, मग त्या दिवशी ऑल्डन पेटीत काय करत होता?"

"झोपला होता."

"आणि तू काही बोलली का नाहीस?"

"तोंडात खिळे होते. तू का नाही विचारलंस?"

"बरं दिसत नाही," व्हर्ना म्हणाली.

मंगळवारी पंचांची सभा झाली आणि चार विरुद्ध एक मतांनी ऑल्डन जिवंत ठरला. विरोधी मत व्हर्नाचं. कारण तिनं वहीत लिहून दिलंय: भांडं परत आल्याशिवाय मयत संपत नाही. बाकीची अठरा भांडी मी धुऊन घरोघर पोचवली. व्हर्नाचं तेवढं नाही. ते ऑल्डननं शुक्रवारी भुशातून उचलून दुसऱ्या पेटीत ठेवलं होतं, मॅकरोनीसकट, आणि मी वरून झाकण लावलं होतं. काठाला सरस ओघळलेला. मी पूर्ण चोवीस तास वाळू दिला, वेंडेल प्रॉक्टरच्या सांगण्याप्रमाणं. आता पहारेनंही उघडत नाही. व्हर्ना रोज कुंपणापाशी येऊन विचारते, तिला आता विचारायची सवयच लागलीय. पण माझ्या हातची पेटी आहे ती. एका काचेच्या भांड्यासाठी मी ती फोडायची नाही.